विचारून जायची वाट

“वाट इचारल्याबिगर मी कुनाच्या रानात पाय टाकला न्हाई.”

कुशाबाईंनी हे सांगितलं ते अमृतच्या लोखंडी फाटकासमोर, चारचौघांत, पदर नीट करून. शेजारी उभ्या असलेल्या साधनाला, त्यांच्या सुनेला, ते ऐकून तेव्हा बरं वाटलं होतं. सासू अशी ठाम बोलली की साधनाच्या पाठीचा कणाही आपोआप सरळ व्हायचा. पुढं हेच वाक्य दोघींच्या गळ्याशी येईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अमृतच्या मात्र असावं. तो किंचित हसला होता.

पिंपरी पेंढारच्या त्या वाडीत डांबरी रस्त्याला लागून पहिलं रान सावळेरामांचं, आणि त्याच्या मागं कुशाबाईंचं. सावळेराम हे कुशाबाईंच्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ, म्हणजे त्यांचे भासरे. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची. आबांच्या रानातून बांधाच्या कडेनं एक गाडीवाट आत जायची. दोन चाकोऱ्या, मध्ये हरळी. कुशाबाईंच्या रानाला दुसरी वाट नाही. एका अंगाला ओढा, उरलेल्या अंगांना दुसऱ्यांचा ऊस. नवरा गेल्यापासून रान कुशाबाईंच्या अंगावर होतं, आणि मुलगा ज्ञानेश्वर चाकणच्या कंपनीत लागल्यावर ते दोघी बायकांच्या अंगावर आलं. ज्ञानेश्वर रविवारी यायचा, मोटर बघायचा, निघून जायचा.

वाट विचारायची रीत कुशाबाईंना त्यांच्या सासूनं लावली. लग्न होऊन आल्या त्या वर्षी बाजरी काढली, आणि सासूनं कणसांची पाटी हातात देऊन त्यांना आबांच्या घरी पाठवलं. भासऱ्यांशी तोंडानं बोलायचं नसतं. तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून कुशाबाई जावेला, अंबाबाईंना म्हणाल्या, “अक्का, गाडी काढायची हाय. इचारा.” आत सुतळी वळत बसलेले आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “बैलांना मुसक्या घाला म्हनावं.” जाता जाता बैलांनी आमच्या पिकाला तोंड लावू नये, एवढाच अर्थ. ‘जा’ नाही की ‘जाऊ नका’ नाही. पाटी रिकामी करून अंबाबाईंनी तिच्यात दोन मुठी शेंगा टाकल्या, कारण पाटी रिकामी परत द्यायची नसते.

मग दर साल हेच. पेरणीला आबा ती वाट नांगरून टाकायचे, कारण नांगराला वाट कळत नाही. आणि काढणीला कुशाबाईंची गाडी त्याच जागेवरून ती पुन्हा पाडायची. दर साल वाट मोडायची, दर साल विचारली जायची, दर साल व्हायची. अंबाबाई वारल्या तेव्हा मध्ये बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून कुशाबाई पदर पुढं ओढून थेट विचारू लागल्या. बैल गेले, बाजरीच्या जागी टोमॅटो आले, गाडीच्या जागी भाड्याचा पिकअप आला. तरी पहिल्या तोड्याचा वानवळा घेऊन त्या आबांच्या ओट्यापाशी जायच्याच.

“आबा, गाडी काढू का?”

“मुसक्या घाला.”

“पिकपला?”

“डायवरला. लई हारन वाजवतोय.”

साधनानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सून म्हणून आली तेव्हा तिला तो सगळा पोरखेळ वाटला. जायचं तर आहेच, मग विचारायचं कशाला? तिनं एकदा तसं म्हटलंही. कुशाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “जायाचंच असतं म्हनून तर इचारायचं.”

त्यांना या विचारण्याचं एवढं का, हे साधनाला कळलं ते एका उन्हाळ्यात. कुशाबाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या वरच्या अंगाचं. डिंभे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. माणसं कुठं कुठं पांगली. त्या वर्षी पाणी खूप उतरलं होतं, आणि दोघी कुणाच्या तरी लग्नाहून परतताना काठावर थांबल्या. गाळातून जुन्या रस्त्याचा एक तुकडा वर आलेला होता. तो थोडा पुढं जायचा, एका वळणाला झुकायचा आणि शांतपणे पाण्यात शिरायचा. कुशाबाई चपला हातात घेऊन, पाणी लागतं तिथपर्यंत चालत गेल्या आणि उभ्या राहिल्या. मागून साधना आली, तेव्हा त्या म्हणाल्या, “पान्यानं कुनाला इचारलं न्हाई.” आणि परत फिरल्या. 

चैत्रात अमृतनं फाटक बसवलं.

अमृत आबांचा धाकटा. पुण्यात काही वर्षं काढून तो परत आला आणि रस्त्याकडच्या रानात त्यानं पर्यटन केंद्र काढलं. कौलारू दिसतील अशा पत्र्याच्या खोल्या, पोहायचा निळा हौद, झाडाला टांगलेले झोपाळे. गाडीवाटेच्या पहिल्या निम्म्या भागावर त्यानं सिमेंटचे ठोकळे बसवले, तोंडाशी फाटक, आणि फाटकावर पाटी: खासगी रस्ता, परवानगीशिवाय प्रवेश नाही.

कुशाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी पाटी सावकाश वाचली. “मग? आपुन इचारूनच जातो की,” त्या म्हणाल्या. त्या मजकुरात त्यांना वावगं असं काही दिसलंच नाही. घरी येऊन त्यांनी शेवटची गवार खुडली, वानवळ्याच्या पाटीत घातली आणि आबांकडं निघाल्या. साधना मागोमाग गेली.

आबा नव्या खोल्यांच्या मागं, पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. कुशाबाईंनी नेहमीचं विचारलं. आबा हौदाकडं बघत राहिले. पाण्यात पुण्याची पोरं उड्या मारत होती. ते म्हणाले, “अमृतला इचारा.”

कुशाबाई पाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला हे उत्तर आलं नव्हतं, आणि त्यावर पुढं काय बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अमृत वाईट बोलला नाही. चहा विचारला. फाटकापर्यंत सोबत चालत आला. तिथं त्याचे दोन कामगार आणि कुणी पाहुणे उभे होते. “काकू, मी नाही म्हणतच नाही. पण पावणं शांततेसाठी येतात. पहाटे तुमचा पिकअप धुरळा उडवत जातो. तुम्ही असं करा, दोन ओळी लिहून द्या, की आम्ही यांच्या परवानगीनं जातो. मग कधी उघडायचं ते मी ठरवीन.”

“लिवायचं कशाला? मी दर साल इचारते.” आणि मग त्या ते वाक्य बोलल्या.

“तेच तर म्हणतोय मी, काकू,” अमृत म्हणाला, आणि हसला.

त्यांनी लिहून दिलं नाही. फाटक उघडलं नाही. आणि रानात टोमॅटो फुलावर होता.

फुलाचं फळ झालं, फळ पांढुरकं पडू लागलं. पहिला थोडा तोडा दोघींनी रोजानं आलेल्या बायकांना घेऊन उसाच्या बांधानं बाहेर काढला, डोक्यावर एकेक क्रेट. तिसऱ्या दिवशी त्याच बांधावरून त्यांच्यातल्या ठकूबाईची शेळी बिबट्यानं उचलली. रक्ताचा माग उसात गेला होता. दुसऱ्या दिवशी बायका आल्याच नाहीत. “साधना, टोमॅटो तुजा, पन मान आमची हाय,” ठकूबाईनं सांगितलं. मुख्य माल अजून झाडावर होता. तो लाल पडायच्या आत नारायणगावच्या बाजारात गेला तर गेला, नाहीतर मांडवातच मऊ पडणार. साधना संध्याकाळी ओळीतून फिरायची आणि रंग बघायची. हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून नारिंगी. तो रंग आता तिला फळाचा वाटत नव्हता. दिव्याची वात वर वर चढावी तसा वाटायचा.

नारायणगावात खताच्या दुकानाच्या माडीवर बाळासाहेब वकिलांचं ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी सुखावले. “शेताची वहिवाटीची वाट अडवली, की ती मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदाराला आहे. मामलेदार कोर्टाचा जुना कायदा. काम लवकर होतं. तुम्ही वेळेत आलात.” मग त्यांनी सहज विचारलं, “वाट किती वर्षांची?”

“माझ्या सासूच्या सासूपास्नं,” कुशाबाई म्हणाल्या. “पन कधी इचारल्याबिगर गेलो न्हाई.”

बाळासाहेबांनी पेन खाली ठेवलं.

“हे कुणापुढं बोललात?”

“अमृतपुढं.”

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग साधनाकडं वळून, जणू कुशाबाई तिथं नाहीतच अशा सुरात समजावलं. विचारून वापरलेली वाट म्हणजे परवानगीची वाट. परवानगी म्हणजे मेहेरबानी. ज्याची मेहेरबानी तो ती कधीही बंद करू शकतो. मग ती वहिवाट राहत नाही, आणि वहिवाट नसेल तर तहसीलदाराला त्यात हात घालायचा अधिकारच नाही. ते म्हणणार, दिवाणी कोर्टात जा. “आणि दिवाणीत,” बाळासाहेब म्हणाले, “तुमचा नातू टोमॅटो काढेल.”

“मग काय करायचं?” साधना म्हणाली.

“काही नाही. विचारलं म्हणायचं नाही.”

कुशाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खाली हायवेवर जीपवाला ओतूर ओतूर ओरडत होता.

घरी येऊन साधनानं त्यांना विनवलं, रागावली, शेवटी रडली. “आत्या, एका शब्दाचा प्रश्न आहे.” कुशाबाई तांदूळ निवडत होत्या. “त्यांच्या ओट्यावर उभं राहून इचारलंय मी,” त्या म्हणाल्या. “अंबाक्का साक्षी हाय.” अंबाबाई वारल्याला किती वर्षं झाली, हे साधनानं काढलं नाही.

बाळासाहेबांनी टाकलेल्या अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी सकाळी स्कूटीवर बसताना कुशाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती. साधनानं आत डोकावलं. पहिल्या तोड्यातले निवडक टोमॅटो, एकसारखे.

“हे कशाला?”

“आबांचा वानवळा राह्यलाय. फाटकातनं जाता येत न्हाई. तितं भेटत्याल.”

“आत्या, कोर्टात?”

“मग काय झालं?”

साधनानं स्कूटी जुन्नरच्या रस्त्याला लावली. मागं बसलेल्या सासूचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो हात काय सांगणार आहे हे तिला ओळखता येत नव्हतं.

तहसील कचेरीत खोली छोटी. तहसीलदार तिशीतले, चेहऱ्यावर अपुऱ्या झोपेचं सावट. कडेला टंकलेखक. दाराला लागून एक लांब बाक, त्यावर आबा, काठी आडवी धरून पाय पसरून बसलेले. त्यांना पाय दुमडता येत नाहीत. अमृत आणि त्याचे वकील त्यांच्या पलीकडं उभे. कुशाबाई आत येताना दाराशी थांबल्या. “आबा, जरा वाट,” त्या सवयीनं म्हणाल्या. आबांनी काठी ओढून घेतली, पाय आवरले. त्या आत गेल्या. अमृतचे वकील हे बघत होते. 

अमृतचे वकील शांत बोलत. त्यांनी आधी एकच मुद्दा मांडला. हा रस्ता खासगी आहे. अर्जदार बाई तो मालकाच्या परवानगीनं वापरत होत्या. वहिवाट नाही, तेव्हा या न्यायालयाला अधिकार नाही. सोबत सावळेरामांचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे.

कुशाबाईंनी शपथ घेतली. खरं सांगेन म्हणाल्या. नंतर वकील त्यांच्याजवळ आले.

“आजी, गाव सांगतं, तुम्ही खोटं बोलत नाही.”

“न्हाई बोलत.”



“दर वर्षी सावळेरामांच्या घरी तुम्ही माल घेऊन जायच्या. खरं ना?”

“वानवळा. व्हय.”

“कधी बाजरी, कधी शेंगा, हल्ली टोमॅटो.”

“जे रानात असंल ते.”

“आणि मग तुमची गाडी त्यांच्या रानातून जायची.” वकिलांनी कागद उचलला. “सावळेराम यांनी शपथेवर लिहून दिलंय. वाचतो. ‘सदर बाई दर वर्षी वाटेच्या वापराचा मोबदला म्हणून शेतमाल देत असत व मी तो घेऊन तात्पुरती परवानगी देत असे.’ म्हणजे ते वाटेचं भाडंच होतं, आजी. त्यात काही गैर नाही. भाडं दिलं, वाट मिळाली.”



कुशाबाई वळल्या. इतका वेळ त्या तहसीलदारांकडं बघत होत्या, आता बाकाकडं बघू लागल्या.

“आबा,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाडं व्हतं का ते?”

“बाई, त्यांच्याशी बोलू नका,” तहसीलदार म्हणाले. “मला सांगा.”

त्या तरी थांबल्या. आबांची मान खाली. काठीच्या टोकानं ते फरशीच्या भेगेतून रेघ ओढत होते. त्यांनी मान वर केली असती, नुसती हलवली असती, तरी पुरलं असतं असं साधनाला वाटलं. कशाला पुरलं असतं हे तिला सांगता आलं नसतं. कागद त्यांनी वाचला होता की अमृतनं नुसता अंगठा घेतला होता, हेही तिथं कुणी विचारलं नाही.

आबांनी मान वर केली नाही.

“सांगा आजी,” वकील म्हणाले. “वाट विचारून जायच्या ना तुम्ही?”

कुशाबाई तहसीलदारांकडं वळल्या. पदर डोक्यावर होता, तो त्यांनी आणखी पुढं ओढला, आबांशी बोलताना ओढायच्या तसा.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काय नाही?”

“वाट कधी इचारली न्हाई. वानवळा समद्यांला देते. वाट आमची व्हती, आमी जात व्हतो. लिवा.”

टंकलेखकाची बोटं चालू झाली. साधना याच उत्तरासाठी रडली होती, आणि आता ते आलं तेव्हा तिला वाटलं की कुणीतरी तिच्या देखत उंबरा उपटून काढला.

अमृत पुढं सरकला. “काकू, फाटकापाशी काय म्हणालात? माझ्यासमोर?”

“मध्ये बोलू नका,” तहसीलदार म्हणाले.

अमृतचे वकील गडबडले नाहीत. त्यांची नजर खाली गेली. “पिशवीत काय आहे, आजी?”

बाळासाहेब अर्धवट उठले. “साहेब, याचा काय संबंध?”

“टमाटी,” कुशाबाई म्हणाल्या.

“कुणासाठी आणलीत?”

 साधनाला दिसत होतं, आबांची काठी रेघ ओढायची थांबली होती.

“माजी हायेत,” कुशाबाई म्हणाल्या. “घरी न्यायची.”

तहसीलदारांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. मग ते आबांकडं वळले. “सावळेराम, तुम्ही लिहून दिलंय, की बाई परवानगी घ्यायच्या. बाई नाही म्हणतात. तुम्ही तोंडानं सांगा. उठू नका, बसूनच सांगा. काय म्हणून विचारायच्या? तुम्ही काय उत्तर द्यायचात?”

“सांगा ना आबा,” अमृत म्हणाला.

आबांनी ओठ हलवले. त्यांना काय आठवत होतं हे साधनाला दिसत होतं. उंबऱ्याबाहेरची बाजरीची पाटी, अंबाबाई, भिंतीला सांगितलेलं ते एक वाक्य. ते वाक्य त्यांनी इथं उच्चारलं असतं तर वाट गेली असती. तहसीलदारांनी प्रश्न पुन्हा केला. आबा कुशाबाईंकडं बघत होते. त्या त्यांच्याकडं बघत नव्हत्या.

“वाट व्हती,” आबा म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “आदीपास्नंच व्हती. बैलं जायची.”

“परवानगीचं काय?”

“आता मला काय आठवतंय, सायेब.”

अमृतनं कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढचं सगळं लवकर झालं. तहसीलदार टंकलेखकाला सांगू लागले. परवानगी शाबीत होत नाही. सकृद्दर्शनी वाट वहिवाटीची दिसते. या न्यायालयाला अधिकार आहे. जागेची पाहणी होऊन अंतिम निकाल होईपर्यंत वाट आज संध्याकाळपासून खुली ठेवावी, अर्जदाराच्या शेतमालाच्या वाहनास अडथळा करू नये. फाटक राहू शकतं, कुलूप नाही. बाळासाहेबांनी साधनाकडं बघून मान डोलावली आणि पिकअपवाल्याला फोन लावा अशी बोटांनी खूण केली. साधनानं फोन काढला. उद्या पहाटे तोडा करता येणार होता. माल अजून हाताला कडक होता. तिनं नंबर शोधला आणि लावायची थांबली.

कुशाबाई निघाल्या होत्या.

बाकापाशी आबांचे पाय तसेच पसरलेले, काठी तशीच आडवी. त्या जवळ आल्या. आबांनी मान वर केली. ते वाट बघत होते हे स्पष्ट दिसत होतं. आता त्या म्हणतील, आबा, जरा वाट, मग मी काठी ओढून घेईन. काठीवरची त्यांची बोटं सैल झाली होती, तयार होती.

कुशाबाईंनी एका हातानं निऱ्या उचलल्या, दुसऱ्या हातातली पिशवी छातीशी धरली, काठी ओलांडली, आणि बाहेर गेल्या.